भाताच्या खाचरात मिरची: नांगरट किती, खुरपणी कुठवर, तणनाशक कधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मुंबईत राहतात, पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावाजवळ त्यांचे एक एकर भाताचे खाचर आहे आणि तिकडे जाणे शनिवार-रविवारीच जमते. भात निघाल्यावर हिरव्या मिरचीचे पीक घ्यायचे आहे. गेल्या हंगामात रोटाव्हेटरच्या तीन पाळ्या घालून रान पिठासारखे केले, लागवडीनंतर महिनाभराने मजूर लावून चांगली खोल खुरपणी करून घेतली आणि आठवड्याभरात झाडे माना टाकू लागली. आता रोटाव्हेटर किती वेळा फिरवावा आणि खुरपणीऐवजी कोणते तणनाशक मारावे, असे त्यांना विचारायचे आहे.

मिरचीत जमिनीची जोरकस कामे रोप लावायच्या आधी संपवायची असतात. रोप लागले की त्याच्या मुळांच्या आसपास लोखंड खोल घालायचे नाही. गेल्या वर्षी नेमके उलटे झाले. लागवडीआधी वरवरची मशागत झाली, खालचा कडक थर तसाच राहिला आणि ज्या वेळी मुळांना हात लावू नये त्या वेळी खुरपे आत गेले. तणनाशक बदलून हे सुटणार नाही.

आधी त्या खालच्या थराबद्दल. भातासाठी दरवर्षी चिखलणी होते, म्हणजे साचलेल्या पाण्यात माती घोळून तिचा चिखल करतात. चिखलणीचा हेतूच पाणी खाली झिरपू नये हा असतो, त्यामुळे साधारण 15 ते 20 सेंमी खोलीवर मातीचा घट्ट पापुद्रा तयार होतो. भाताला तो हवा असतो, मिरचीला तो मारक ठरतो. मिरचीची अन्न-पाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या 30 सेंमीत असतात. पापुद्रा लागला की ती आडवी पसरतात आणि जेमतेम वीतभर मातीत पीक उभे राहते. पाणी दिले की मुळे गुदमरतात, दोन दिवस नाही दिले की झाड सुकते. शिवाय सगळी मुळे वर आल्यामुळे खुरप्याचा प्रत्येक घाव त्यांच्यावरच बसतो.

थर आहे का ते पाहायला यंत्र लागत नाही. ओल असताना 8 किंवा 10 मिमीची लोखंडी सळई हाताने दाबत न्या. ती सहज जाता जाता एकदम अडली, तर तिथे बोट धरून खोली मोजा. एकरात आठ-दहा ठिकाणी पाहा, विशेषतः जिथे पॉवर टिलर वळतो तिथे. खात्रीसाठी फूटभर लांब-रुंद खड्डा काढून जुन्या धसकटांची मुळे बघा. ती खाली जाता जाता एका पातळीवर आडवी वळलेली दिसली की उत्तर मिळाले.

हा थर रोटाव्हेटर फोडत नाही. त्याची पाती 10-12 सेंमीवरच फिरतात आणि ओलसर चिकण मातीत ती खालची बाजू घासून आणखी चोपडी करतात. म्हणजे चिखलणीच्या थराच्या वर दुसरा थर तयार होतो. वरची माती पीठ झालेली असते, ती पहिल्या पाण्याला बसते आणि वाळली की वर पापडी धरते. तीन पाळ्यांनी रान दिसायला सुंदर होते, एवढेच. आणखी एक तोटा तणाचा आहे. हराळीच्या मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठींच्या साखळ्या रोटाव्हेटर तोडतो आणि तुकडे रानभर पसरवतो. हराळीच्या डोळा असलेल्या प्रत्येक तुकड्यातून नवे तण येते. एका कोपऱ्यात असलेली हराळी पुढच्या हंगामात सगळीकडे दिसली, तर ती वाऱ्याने आलेली नसते.

यंदाचा क्रम असा ठेवा. भात जमिनीलगत कापा आणि पेंढा बाहेर काढून कोरडा रचून ठेवा, तो पुढे लागणार आहे. पेंढा रानात गाडून लगेच मिरची लावू नका. तो कुजताना जमिनीतले नत्र ओढून घेतो आणि रोपे पिवळी पडतात. धसकटे तेवढी नांगरटीत उलथू द्या, त्यात भाताच्या खोडकिड्याच्या अळ्या लपलेल्या असतात, त्या उघड्या पडतात. मग वाफशावर, म्हणजे माती फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही अशा वेळी, फाळाच्या नांगराने एकदाच, 20 ते 25 सेंमी खोल नांगरा. थर त्याखाली असेल तर पहिल्या नांगरटीच्या आडवी दुसरी घाला. मात्र खाली मुरूम किंवा जांभा लगेच लागत असेल तर हट्ट धरू नका. मुरूम वर आणण्यापेक्षा लागवडीची गादी, म्हणजे मातीचा उंच वाफा, आणखी उंच करणे बरे.

वाफसा ओळखण्याची रीत जुनीच आहे. वीतभर खालची माती मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. गोळा पडून फुटला तर वाफसा, चपटा होऊन तसाच राहिला तर थांबा. ओल्या चिकण मातीत नांगर घातला की ढेकळे विटेसारखी वाळतात आणि मग ती फोडायला रोटाव्हेटरच्या पाळ्यांवर पाळ्या घालाव्या लागतात. खाचरात वाफशाचे दिवस थोडेच मिळतात आणि ते तुमच्या रविवारची वाट पाहत नाहीत. त्यामुळे ट्रॅक्टरवाल्याला गावातल्या कुणीतरी गोळा पडताळून बोलवावे अशी सोय आधीच करून ठेवा. मुंबईहून फोनवर तारीख ठरवून नांगरट करायची नसते.

नांगरटीनंतर ढेकळे आठ-दहा दिवस तापू द्या. मग चांगले कुजलेले शेणखत एकरी 8 ते 10 टन पसरून रोटाव्हेटरची एकच उथळ पाळी घाला. गव्हाच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढी ढेकळे राहिली तर उत्तम, त्याहून बारीक करण्याची गरज नाही. शेणखताबद्दल इथे जरा ताणून सांगतो, कारण अर्धे तण त्यातून येते. ताज्या शेणात तांदुळजा आणि इतर तणांचे बी जिवंत असते, जनावराच्या पोटातून ते सहीसलामत बाहेर पडते. ढीग ओलसर ठेवून दोन-तीनदा उलटला आणि आतून हात ठेवता येणार नाही इतका, म्हणजे 55-60 अंश सेल्सिअसपर्यंत तापला, तरच ते बी मरते. न तापलेले, नुसते वाळलेले शेण म्हणजे तणाची पेरणी.

आता गादीवाफे. दोन गाद्यांच्या मध्यांतले अंतर 1.5 मीटर, गादीचा माथा 75 सेंमी, उंची 20 ते 25 सेंमी ठेवा. एका गादीवर 45 सेंमी अंतराने दोन ओळी आणि ओळीत दोन रोपांत 45 सेंमी अंतर, नागमोडी पद्धतीने. एकरात साधारण 11,800 रोपे बसतात. प्रत्येक ओळीला ठिबकची 16 मिमीची इनलाइन नळी (आतच ड्रिपर बसवलेली) द्या. खाचराच्या उताराच्या बाजूला बांध फोडून चर काढलाच पाहिजे, नाहीतर गाद्यांमधल्या सऱ्यांत पाणी साचते आणि गादीचा उपयोग निम्म्यावर येतो.

गाद्या तयार झाल्या की लगेच रोपे लावायची घाई होते, आणि तिथेच तणाचा सर्वांत स्वस्त इलाज हातचा जातो. गाद्या ठिबकने भिजवा आणि 12 ते 14 दिवस मोकळ्या सोडा. वरच्या थरातले बी भराभर उगवते. ते दोन-चार पानांवर आले की धारदार खुरप्याने फक्त 2 सेंमी खरवडून काढा आणि एक दिवस उन्हात वाळू द्या. खोल खणू नका, खणले की खालचे झोपलेले बी उजेडात येते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लागवड. दोन शनिवारांत बसणारे हे काम आहे, म्हणून तुमच्यासारख्यांना ते जास्तच सोयीचे. हिशेब असा लागतो: भातकापणी ऑक्टोबरअखेर, नांगरट नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, गाद्या तिसऱ्या आठवड्यात, लागवड डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. रोपे 35 ते 40 दिवसांची लागतात, म्हणजे बी ऑक्टोबरच्या शेवटी पडले पाहिजे. प्रो-ट्रेमधली (खणांच्या प्लॅस्टिक ट्रेमध्ये वाढवलेली) रोपे आणणार असाल तर मागणी तेव्हाच नोंदवा.

रोपवाटिका स्वतः करायची तर ठाणे-पालघरकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा पसरून जाळतात, त्यामागचे तत्त्व आठवा, उष्णतेने वरच्या थरातले तणाचे बी मारायचे. मिरचीच्या वाफ्यासाठी भाजण्याऐवजी पारदर्शक प्लॅस्टिक वापरता येते. एप्रिल-मेमध्ये वाफा भिजवून त्यावर 25 ते 50 मायक्रॉनचा कागद कडा मातीत गाडून चार ते सहा आठवडे ताणून ठेवायचा. वार्षिक तणे आणि बऱ्याच बुरशी जातात. लव्हाळा मात्र याने पुरता जात नाही.

लागवडीनंतर तणाची खरी चढाओढ पहिल्या दोन महिन्यांत असते. त्यातही पंधराव्या ते साठाव्या दिवसापर्यंत रान स्वच्छ राहिले की पुढे मिरचीच्या सावलीखाली तण फार जोर धरत नाही. सुरुवातीला रोप सावकाश वाढते, ओळींमधली जमीन उघडी असते आणि ठिबकच्या ओलीवर तण मिरचीहून वेगाने उठते. म्हणून पहिली खुरपणी 15 ते 20 दिवसांनी आणि दुसरी 35 ते 40 दिवसांनी, एवढ्या दोन पुऱ्या. खोली 2 ते 3 सेंमी, बुंध्यापासून 8-10 सेंमी लांब, आणि त्याच्या आतले तण हाताने उपटायचे. मजुरांना हे तोंडी सांगून भागत नाही. आपल्याकडे खोल खुरपले म्हणजे चांगले काम अशी समजूत आहे, आणि बाईमाणसे ते इमानाने करतात. म्हणून पहिली ओळ स्वतः करून दाखवा.

खुरपणी सकाळी करा म्हणजे उपटलेले तण दिवसभरात वाळते. लगेच पाणी सोडू नका. घोळ आणि केना ही दोन तणे मात्र वाळत नाहीत, त्यांचा कांडीचा तुकडासुद्धा ओल मिळाली की मुळे धरतो. ती टोपलीत भरून रानाबाहेर न्यायची. फुले लागली, म्हणजे साधारण 45 दिवसांनंतर, की खुरप्याला सुट्टी. त्या काळात मुळे तुटली की फुलगळ होते आणि पहिला तोडाच हातचा जातो.

आता माना टाकलेल्या झाडांकडे वळू. खोल खुरपणीनंतर दोन वेगळ्या गोष्टी घडू शकतात आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत. फक्त मुळे तुटली असतील तर झाड दुपारी सुकते, संध्याकाळी सावरते आणि चार-सहा दिवसांत नवी मुळे फुटून मार्गी लागते. पण पाने हिरवीच असताना झाड सकाळीसुद्धा लोंबलेले दिसले, आणि एकाच ओळीत शेजारच्या झाडांकडे सरकत गेले, तर जिवाणूजन्य मर समजा. कोकणच्या आम्ल, ओल्या जमिनीत हा रोग वांगी, टोमॅटो आणि मिरची या तिघांनाही छळतो. जिवाणू मातीतच असतात आणि मुळाच्या जखमेतून आत शिरतात, म्हणजे खुरपे त्यांना दार उघडून देते. खात्री करायला बुंध्याचा दोन इंचाचा तुकडा तिरका कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभा धरा. पाच-दहा मिनिटांत कापातून दुधाळ धागा खाली उतरला तर तीच मर. औषध ओतून ते झाड परत येत नाही. मातीसकट उपटून रानाबाहेर न्या, खुरपी आणि पॉवर टिलरची पाती धुतल्याशिवाय निरोगी भागात नेऊ नका, आणि त्या तुकड्यात पुढची दोन-तीन वर्षे मिरची, वांगी, टोमॅटो घेऊ नका. भाताचा फेर चालू आहे ही जमेची बाजू.

भर देताना, म्हणजे बुंध्याला माती लावतानाही, असाच धोका आहे. अर्धवट कुजलेला पेंढा किंवा तण बुंध्याशी ओढून वर माती लावली की पांढरी बुरशी धरते. जमिनीलगत साल सडते, पांढऱ्या धाग्यांवर मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसतात. ते दाणे वरच्या थरात वर्षानुवर्षे टिकतात. खोल नांगरटीने ते खाली गाडले जातात, हा नांगरटीचा आणखी एक फायदा. गादीवाफ्यावर भर देण्याची गरज फारशी नसते, सरी-वरंब्यावर असेल तर दुसऱ्या खुरपणीबरोबर हलकी भर द्या आणि ती निव्वळ मातीची असू द्या.

खुरपणी दोनवर आणायची तर जमीन झाकणे आलेच. तुमच्याकडे पेंढा आहे, मग तोच वापरा. पहिली खुरपणी आटोपली आणि पाणी दिले की 100 चौरस मीटरला, म्हणजे जवळजवळ एका गुंठ्याला, 50 ते 60 किलो पेंढा पसरा. सुरुवातीला 7 ते 10 सेंमी थर दिसतो, मग दबतो. बुंध्याभोवती 5 सेंमी मोकळे ठेवा. पेंढा आधी पुन्हा एकदा झोडून घ्या, नाहीतर राहिलेल्या दाण्यांतून गादीवर भाताचेच तण उगवेल. पातळ थर टाकून काटकसर करू नका, त्यातून तण आरामात वर येते आणि मग पेंढ्यातून खुरपणी करायची वेळ येते. वाळवी आणि उंदीर मात्र बघावे लागतात.

आठवड्यातून एकदाच जाणाऱ्याला चंदेरी-काळा प्लॅस्टिक कागद अधिक सोपा. 25 ते 30 मायक्रॉन जाड, 1.2 मीटर रुंद. वर सांगितलेल्या गाद्यांची एकूण लांबी एकरी सुमारे 2,670 मीटर होते, म्हणजे 400 मीटरची सात बंडले लागतात. काळी बाजू खाली, चंदेरी वर. काळ्याने उजेड अडतो आणि तण उगवून मरते, चंदेरीच्या परावर्तनाने फुलकिडे आणि पांढरी माशी थोडी दूर राहतात. कागद गादीला चिकटून ताणलेला हवा. ढेकळे राहिली तर खाली पोकळी राहते, दुपारी तिथली गरम हवा छिद्रातून बाहेर पडते आणि कोवळे खोड भाजते. छिद्र 5-6 सेंमीचे पुरे. मोठे छिद्र म्हणजे तणाला खिडकी. आणि लव्हाळा असलेल्या रानात कागदावर भरवसा ठेवू नका, त्याचे टोक सुईसारखे कागद भोसकून वर येते. असे रान असेल तर आधी लव्हाळ्याचा निकाल, मग कागद.

तणनाशक शेवटी सांगतो, कारण त्याची जागा तेवढीच आहे. उगवणीपूर्वीचे पेंडीमेथालिन 38.7 टक्के सीएस एकरी 600 ते 700 मिली, 200 लिटर पाण्यातून. 15 लिटरच्या पंपाला 700 च्या मात्रेने साधारण 52 मिली येते. फवारणी लागवडीच्या एक-दोन दिवस आधी, ओलसर आणि ढेकळे नसलेल्या गादीवर, फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझलने, मागे मागे सरकत करा म्हणजे फवारलेल्या जागेवर पाय पडत नाही. नुसत्या गाद्या फवारणार असाल तर मात्रा तेवढ्याच क्षेत्राच्या प्रमाणात कमी करा, एकराचे औषध निम्म्या जागेवर ओतू नका. रोप लावताना फवारलेली माती खड्ड्यात ढकलू नका. मुळे त्या थरात आली की त्यांची टोके जाड आणि आखूड होतात, रोप महिनाभर तिथेच बसते. हे औषध उगवलेल्या तणावर, लव्हाळ्यावर आणि हराळीवर चालत नाही, आणि फवारणीनंतर वरचा थर हलवला की त्याचा पडदा फाटतो. पेंडीमेथालिन मारून आठवड्यात खुरपणी केली तर दोन्हींचे पैसे गेले. उगवणीनंतरचे कोणतेही तणनाशक दुकानदाराने सुचवले तर लेबलवर मिरचीचे नाव आहे का ते आधी वाचा. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने 2022 मध्ये निर्बंध आणले आहेत. एकरभर रानातली हराळी कुदळीने खणून, मुळ्या वेचून उन्हात वाळवणे जमण्यासारखे आहे.

भाताच्या खाचरात एक सापळा हमखास असतो. पावसाळ्यात ज्या पंपाने 2,4-डी हे भातातले तणनाशक मारले तोच पंप मिरचीला वापरला जातो. त्याचा अंशसुद्धा मिरचीला पुरतो. पाने पट्टीसारखी अरुंद होतात, शिरा समांतर दिसतात, देठ पिळवटतात. लोक त्याला चुरडा-मुरडा (पाने आकसण्याचा रोग) समजून कीटकनाशकांवर खर्च करत बसतात. फरक असा ओळखा: तणनाशकाची इजा फवारलेल्या किंवा वाऱ्याच्या बाजूच्या सगळ्या झाडांवर एकाच वेळी दिसते, विषाणूची लागण तुरळक झाडांपासून सुरू होऊन आठवड्यागणिक पसरते. फुलकिड्यांनी पाने वरच्या बाजूला वळतात, कोळी या बारीक किडीने खालच्या. मिरचीसाठी पंप वेगळा ठेवा, धुऊन भागवू नका.

बांधावरचे तणही याच कामात धरा. कामोणी, धोतरा, ओसाडी ही विषाणूंची आणि त्यांच्या वाहक किडींची घरे. ती लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी काढा. मिरची फुलावर असताना बांध साफ केला की तिथली पांढरी माशी आणि फुलकिडे उठून थेट पिकावर येतात, मग बांध चकाचक आणि मिरची चुरडलेली असे चित्र दिसते.

मुंबईत बाल्कनीत कुंडीतली मिरची लावणाऱ्यांना जाता जाता: कुंडीत खुरपे चालवूच नका, सगळी मुळे तिथेच असतात. लाल मातीतून येणारे घोळ आणि गवत लहान असतानाच उपटा किंवा कात्रीने कापा आणि वर बोटभर कोकोपीट किंवा सुका पाला टाका.

मे महिन्यात शेवटचा तोडा झाला की झाडे मुळासकट काढा आणि प्लॅस्टिकचा प्रत्येक तुकडा वेचा. जूनच्या चिखलणीत तो एकदा गाडला की भाताच्या मुळांत आणि पॉवर टिलरच्या पात्यांत वर्षानुवर्षे सापडत राहतो. मग कोरड्या रानात एक नांगरट करून लव्हाळ्याच्या गाठी वर आणा. दर आठवड्याला कुळव फिरवून त्या उलटत्या ठेवा. उघड्यावर वाळलेली गाठ मरते, मातीत झाकलेली जगते, म्हणून कुळवामागे एक माणूस दाताळे घेऊन गाठी गोळा करत गेला तर काम निम्म्या वेळात होते. मान्सूनपूर्व सरींच्या आधी अशा तीन पाळ्या बसवा. पाऊस पडल्यावर कुळवलात तर त्याच गाठी नव्याने लावल्यासारखे होते.